एकशे अठरा रुपयांचा गुन्हा

उचगाव, ता. करवीर
१४ जुलै १९९८

सबिना बेटा,

दुवा. तुझी दादी बोलतेय आणि आकाराम लिहितोय. आकाराम म्हणजे आपला पिग्मीवाला, बँकेच्या रोजच्या बचतीचे वीस रुपये न्यायला संध्याकाळी दुकानात येतो तो. त्याला चहा पाजून बसवलाय. मी बोलेन तसंच उतरवायचं आणि शिव्या गाळायच्या न्हाईत, असा करार झालाय.

तू शिकलीस, बँकेत साहेब झालीस, सोलापूरला खुर्चीत बसलीस. मी गल्लीभर पेढे वाटले. आता मला एवढंच सांग, तुझी बँक मला चोर का म्हणतीया?

आपल्या गादी कारखान्याच्या नावानं तुझ्या दादांनी (चाची नाव घेत नाहीत; कुतुबुद्दीनचाचांनी, असं मी लिहितो. आकाराम) बँकेत उचलीचं खातं काढलेलं. पंचवीस हजारांपर्यंत उचलायचे, कापूस आणायचा, लगीनसराईत गाद्या खपल्या की भरायचे. ते गेल्यावर खातं माझ्या नावानं झालं. एवढी वर्सं मी अंगठा मारतेय. एक दिवस कुणी बोट दाखवलं न्हाय.

परवा तुझ्या बापाला पासबुक भरून आणायला पाठवलं. लगीनसराईची उधारी यंदा अजून यायचीय आणि पावसाळ्यात गादी कोण भरतंय, म्हणून एप्रिलनंतर बँकेची पायरी कुणी चढलंच नव्हतं. त्यानं पासबुक आणलं आणि माझ्यापुढं न ठेवता कोनाड्यात ठेवलं. तवाच मी ओळखलं. शेजारच्या शालूबाईच्या सुनेकडनं, प्रीतीकडनं, वाचून घेतलं. एप्रिलात आपली उचल होती चोवीस हजार आठशे पन्नास. म्हणजे हद्दीच्या आत, बराबर? अठ्ठावीस तारखेला बँकेनंच आपल्या हातानं मालाच्या विम्याचे दोनशे अडुसष्ट त्यात टाकले. झाली उचल पंचवीस हजार एकशे अठरा. मग तीस तारखेला लिहिलं, हद्द ओलांडली, दंड दीडशे. मे महिन्यात पुन्हा दीडशे. जूनमध्ये पुन्हा दीडशे. का? तर हद्द अजून ओलांडलेलीच हाय. अगं, ती तुमच्याच दंडानं आणखी ओलांडली की!

एकशे अठराला साडेचारशे. गल्लीतला सावकारसुद्धा एवढं मागताना आधी इकडंतिकडं बघून घेतो.

आणि ऐक. त्याच बँकेत माझी पिग्मी हाय. रोज वीस, चौदा महिने झाले. आठ हजार चारशे रुपये त्यांच्याच कपाटात पडलेत. मला वाटायचं, रोज संध्याकाळी बँकेला पैसे देतेच की, मग उचल आपोआप कमी होत असंल. एका घरच्या दोन खोल्या. ह्या खोलीत माझे आठ हजार चारशे आणि त्या खोलीत एकशे अठरासाठी माझ्या नावानं बोंब!

मी दहा किलोची गादी भरताना माझ्याच हातानं चार मुठी कापूस जास्त कोंबला, तर गिऱ्हाइकाला दंड लावू का? सांग.

तुझ्या बँकेचं उत्तर तूच दे. इथला मॅनेजर ‘नियम हाय चाची’ एवढंच म्हणतो. पोपट पाळलाय काय, विचारते.

तुझी दादी

---

सोलापूर
२२ जुलै १९९८

प्रिय दादी,

सलाम. पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. तुझा रक्तदाब मोजून घे. पप्पांना सांग, गोळी चुकवू देऊ नका.

आता शांतपणे ऐक. बँकेनं तुला चोर म्हटलेलं नाही. मर्यादा ठरलेली असते आणि ती ओलांडली की आकार लागतो. कर्जाच्या कागदांत ते लिहिलेलं आहे आणि त्यावर तुझा अंगठा आहे. विम्याचा हप्ता बँक परस्पर नावे टाकेल, हेही त्यातच आहे. ते येणार हे धरून खात्यात थोडी जागा ठेवायला हवी होती. आणि पिग्मी हे वेगळं खातं असतं. एका खात्यातले पैसे दुसऱ्यात आपोआप जात नाहीत, तसं लिहून द्यावं लागतं.

तुला कडू लागेल, पण उद्या सगळ्यांनीच मर्यादा ओलांडायची ठरवली, तर बँक चालेल का? बँकेतले पैसे ठेवीदारांचे असतात. त्यांत तुझ्या पिग्मीचेही आहेत. त्यांना सांभाळायला हा धाक लागतो.

साडेचारशेसाठी तू तिथे मॅनेजरशी भांडू नकोस. त्यांची आणि माझी ओळख आहे, आणि यंदा माझ्या बढतीचा विचार चालू आहे. मी पाचशे सत्तर रुपयांची मनिऑर्डर पाठवते आहे. दंड आणि वरचे एकशे अठरा, दोन्ही मिटून जातील. दोन रुपयांचा तू पेढा खा.

तुझी,
सबिना

---

उचगाव
३ ऑगस्ट १९९८

सबिना,

आज दुवा शेवटी देईन, उरली तर.

यल्लाप्पा पोस्टमन तुझी मनिऑर्डर घेऊन आलता. मी घेतली न्हाय. तो म्हणाला, “चाची, येणारा पैसा परत करणारं घर पहिल्यांदाच बघतोय.” म्हटलं, बघून घे, तिकीट न्हाय.

पोरी, तू पैसे भरलेस म्हणजे मी गुन्हा केला असं झालं की! मला साडेचारशे जड झालेत, असं तुला वाटलं? दोन गाद्या भरल्या की सुटतात तेवढे. मला उत्तर पायजे होतं आणि तू मला गप्प बसायची मजुरी पाठवलीस. वर पेढ्याचे दोन रुपये! तुझ्या दादांनी आयुष्यात मला असं गप्प केलं न्हाय, आणि त्यांना तर लई गरज होती.

तुझी अक्कल एकेक करून घेते.

कागदावर लिहिलं होतं म्हणतेस. व्हय, आणि अंगठा मारताना तुमच्या माणसानं काय वाचून दाखवलं? “चाची, इथं, इथं आणि इथं.” एवढंच. तीन वेळा ‘इथं’ म्हणजे कर्जाचे कागद वाचले काय गं?

जागा ठेवायला हवी होती म्हणतेस. विमा कधी टाकणार ते बँकेला ठाऊक, किती टाकणार ते बँकेला ठाऊक. टाकायच्या आधी एक निरोप? रोज संध्याकाळी बँकेचा माणूस माझ्या दारात येतो, माझ्या हातचा चहा पितो. त्याच्या तोंडून एक निरोप पाठवता आला न्हाय? वीस रुपये न्यायला बँकेला माझं घर सापडतं!

(इथे मला लिहावंच लागेल. चाचींनी मला दोनदा विचारलं होतं, “हे पैसे उचलीत जातात न्हवं?” मी म्हणालो होतो, “बँकेतच जातात की चाची.” खोटं नव्हतं. पण पिग्मी मोडून उचलीत भरली असती तर माझं कमिशन गेलं असतं. म्हणून पुढचं बोललो नाही. हे मी त्यांना आत्ता लिहिता लिहिता सांगितलं. त्यांनी माझ्या पुढ्यातला चहा काढून घेतला आहे. आकाराम)

चहा काढला, पण आज साखर न्हाय असं सांगून काढला. त्याला समजलंय ते.

आणि तुझी तिसरी अक्कल. पैसे ठेवीदारांचे, त्यांत माझे, म्हणून धाक. म्हणजे माझेच पैसे माझ्यापासून वाचवायला मलाच दंड! हे तू कोणत्या शाळेत शिकलीस? फी मी भरलेली, परत मागते.

मी मॅनेजरकडं पुन्हा गेलते. म्हटलं, हद्द हद्द करता, तर हद्दीवर दार लावा. दार सताड उघडं ठेवता, मागनं तुम्हीच ढकलता, आणि पलीकडं माणूस पडला की पावती फाडता. तो म्हणाला, “तुमची नात आपल्याच बँकेत हाय ना? तिला विचारा, तिथंही असंच असतं.”

म्हणून विचारते. खोटं बोलू नकोस, मी तुला न्हाऊ घातलीय. तुझ्या सोलापुरात ह्या वर्षी अशा किती जणांना दंड लावलास? तुझ्या हातानं?

दादी

---

सोलापूर
२९ ऑगस्ट १९९८

दादी,

पंचवीस दिवस मी उत्तर दिलं नाही. पहिले दहा दिवस रागात गेले. मनिऑर्डर परत आली ती सगळ्या स्टाफसमोर. मग एका रविवारी शाखा उघडून बसले आणि खातेवह्या काढल्या.

एक्केचाळीस.

ज्यांनी स्वतः मर्यादा ओलांडली, ते वेगळे. त्यांचं मी अजूनही तुला सांगितलं तसंच म्हणेन. पण हे एक्केचाळीस जण आत होते. आम्ही विमा टाकला किंवा टपालखर्च टाकला आणि ते बाहेर गेले. मग आम्ही दंड लावला, आणि दंडानं बाहेर गेले म्हणून पुन्हा लावला. सगळीकडे माझी सही आहे. त्यांत एक केळी विकणारी बाई आहे. ती सात रुपयांनी बाहेर गेली होती. सात, दादी. तिच्याकडून आम्ही सहाशे घेतले. ती येते तेव्हा मला ‘मॅडम, बसा ना’ म्हणते. माझ्याच खुर्चीत मला बसायला सांगते.

आणखी एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती. दर महिन्याला हेड ऑफिसातून विचारणा होते, ‘इतर उत्पन्न’ किती जमलं? त्यात हे दंड येतात. आमची शाखा यंदा त्यात दुसरी आहे. माझ्या बढतीच्या कागदावर ते लिहिलंय. तुझ्यावर मी चिडले त्याचं खरं कारण हे होतं.

आता नीट ऐक. उचल देताना बँकेनं तुम्हाला शेअर घ्यायला लावले होते. म्हणजे तू नुसती खातेदार नाहीस, सभासद आहेस. वीस सप्टेंबरला कोल्हापुरात वार्षिक सभा आहे. सभासदानं आठ दिवस आधी लेखी दिलेला विषय सभेत वाचावाच लागतो. मी सोबत एक कागद जोडते आहे, टाइप केलेला. त्यात लिहिलंय की, बँकेनं स्वतः नावे टाकलेल्या रकमेमुळे ज्यांची मर्यादा ओलांडली गेली, अशा सर्व सभासदांचा दंड परत करावा. त्यावर अंगठा मार, शाखेत दे, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

कागदावर माझं नाव नाही. ते घालायची हिंमत झाली नाही. हेही लपवत नाही.

सबिना

---

उचगाव
२८ सप्टेंबर १९९८

सबिना बेटा,

दुवा, दोन पत्रांची एकदम.

आज लिहितेय प्रीती. आकारामला बँकेनं तंबी दिली, चाचीच्या दुकानात बसायचं न्हाय. वीस रुपये तो आता उंबऱ्याबाहेरनं घेतो, महारोग्याकडनं घेतल्यासारखा. मी बी पिग्मी बंद केली न्हाय. रोज त्याच्याकडं बघते, तेवढी शिक्षा पुरे.

पोच घेतली. मॅनेजर म्हणाला, शिक्का सापडत न्हाय. मी म्हटलं, सापडूदे, मी डबा आणलाय. भाकरी सोडली आणि तिथंच काउंटरपुढं बसले. ठेचा बघून शिक्का सापडला.

आता सभेचं सांगते. मंगल कार्यालयात भरलेली. दारात प्रत्येकाला स्टीलचा डबा आणि जिलेबीचं कुपन. पुढं संचालक, फेटे बांधून, जणू त्यांचंच लगीन. बाया आम्ही सात. मी आणि तुझा बाप मधल्या रांगेत. तुझा बाप घामानं निथळत होता. म्हणाला, “अम्मी, जिलेबी खाऊन जाऊया.”

मला वाटलेलं, एकेका विषयावर माणसं बोलतील. कसलं काय! एक जण भरभर वाचतो, थांबला की मागनं शंभर-दोनशे माणसं ओरडतात, “मंजूर! मंजूर!” कुणी ऐकत न्हाय. वाचणारा बी न्हाय. ती माणसं बँकेनंच आणून बसवलेली, सगळे पिग्मीवाले, शिपाई, त्यांचे मेव्हणे. तिसऱ्या रांगेत आपला आकाराम. नफा मंजूर, खर्च मंजूर, संचालकांचा सिमल्याचा अभ्यासदौरा मंजूर. तिथं कर्ज कसं देतात याचा अभ्यास केला म्हणे. थंडीत देतात बहुतेक.

मग माझा विषय आला. शेवटी ठेवलेला, जिलेबीचा वास सुटल्यावर. वाचणारा तुझा कागद घडाघडा वाचत सुटला. “सर्व सभासदांचा दंड परत करावा,” इथं त्याचा दम संपला. प्रीतीनं सभेच्या छापील नोटिशीत वाचून मला आधीच सांगून ठेवलेलं, ह्याच्या पुढं ते आपल्या हातची ओळ जोडतात, ‘सबब हा विषय फेटाळण्यात यावा.’ ती ओळ वाचायला त्यानं श्वास घेतला, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतनं आवाज आला, “मंजूर!”

एकाचाच. मग त्याच्यामागनं सगळं कार्यालय. “मंजूर! मंजूर!” आणि माणसं उठून जिलेबीकडं निघाली बी!

सबिना, मी पासष्ट वर्सांची, गुडघे दुखतात, पण त्या स्टेजवर कशी चढले ते मला ठाऊक न्हाय. सभेत काय ठरलं ते वहीत लिहिणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी ऱ्हायले. म्हटलं, “लिहा.” तो चेअरमनकडं बघतोय. म्हटलं, “तिकडं बघू नका, वहीत बघा. मला वाचता येत न्हाय, पण हात हलतोय का न्हाय ते दिसतंय.”

चेअरमन हसत उठले. “चाची, ते चुकून झालं. पोरांच्या लक्षात आलं न्हाय.”

मी म्हटलं, “साहेब, मी बी चुकूनच एकशे अठरा पुढं गेलते. ती चूक बी तुमचीच होती. तरी तुम्ही मला दंड लावला, तीनदा. आता तुमच्या ह्या चुकीला काय लावू, ते तुम्हीच सांगा.”

जिलेबीकडं निघालेली माणसं थांबली. एक म्हातारा ओरडला, “माझे बी नऊशे घेतलेत!” मग दुसरा. मग एक बाई डबा आपटत पुढं आली. चेअरमनांचा फेटा वाकडा झाला, तो कुणी सरळ केला न्हाय. आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं. प्रीतीचा नवरा तिथंच होता, त्यानं वाकून वाचलं. ‘मंजूर’ असंच लिहिलंय.

आकारामला मी बाहेर गाठला. विचारलं, “मुद्दाम ओरडलास व्हय रं?” म्हणाला, “न्हाय चाची, सवयीनं गेलं तोंडातनं.” डोळ्यांत बघून म्हणाला न्हाय. मी पुढं विचारलं न्हाय.

आता ऐक, राग का गेला न्हाय ते. काल मॅनेजर घरी आला. पाकिटात साडेचारशे आणि एक कागद. “चाची, तुमचे पैसे. इथं अंगठा.” मी म्हटलं, आधी वाचायला लावते. प्रीतीला बोलावलं, तिच्या नवऱ्याला, शालूबाईच्या नातीला, आणि मशिदीपुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला. चौघांनी वाचलं. चौघांनी एकच सांगितलं. ‘माझी तक्रार मिटली, माझा विषय मी मागे घेते.’ म्हणजे माझे साडेचारशे देऊन सगळ्यांचे पैसे बुडवायचे!

मी विचारलं, बाकीच्यांचं काय? म्हणाला, “त्यांनी कुठं तक्रार केलीय? तुम्ही तुमचं बघा की.”

तुझ्या केळीवालीनं पण तक्रार केली न्हाय न्हवं? तिला ठाऊकच न्हाय.

आजवर ज्या कागदांवर अंगठा मारला, त्यांतला एक बी वाचून घेतला न्हवता. हा चार जणांकडनं वाचून घेतला आणि मारला न्हाय. पाकीट त्याच्या स्कुटरच्या डिकीत ठेवलं.

आता तुझ्याकडं बी एखादा कागद येईल बघ. असली माणसं एका दारावर थांबत न्हाईत. तुझा अंगठा न्हाय, सही हाय. सहीला तर वाचता येतं.

दादी

---

सोलापूर
११ ऑक्टोबर १९९८

दादी,

कागद आला.

तुझं पत्र शनिवारी मिळालं आणि सोमवारी हेड ऑफिसचा लिफाफा. प्रत्येक शाखाधिकाऱ्यानं दाखला द्यायचा आहे की, ‘आमच्या शाखेत अशा प्रकारे दंड आकारलेला एकही सभासद नाही.’ सही झाली की सभेतला ठराव लागू करायला माणूसच उरत नाही. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बढतीच्या यादीपूर्वी पाठवावे.’ पेन्सिलीनं, म्हणजे नंतर खोडता येतं.

दोन दिवस तो टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी केळीवाली आली, तिला समोर बसवलं आणि तिचं पासबुक तिला वाचून दाखवलं. सात रुपये कुठून आले आणि सहाशे कसे झाले, ते सगळं. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं विचारलं, “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” मी हो म्हणाले. ती उठली, केळ्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, “मग आजवर हसत का होता?”

त्या दुपारी दाखल्यावर ‘एकही नाही’ खोडून ‘एक्केचाळीस’ लिहिलं. सोबत नावं, खाते क्रमांक आणि प्रत्येकाची परत द्यायची रक्कम जोडली. खाली पूर्ण सही केली. एक प्रत रजिस्टर पोस्टानं सहकार खात्याला पाठवली. पावती माझ्याजवळ आहे.

काल फोन आला. १९ तारखेला, सोमवारी अकरा वाजता, हेड ऑफिसला हजर राहायचं आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. बढतीसाठी नसावं, एवढं मला कळतं. नोकरी राहील की नाही हे माहीत नाही. पप्पांना एवढ्यात सांगू नकोस, ते जेवायचे नाहीत.

मी रविवारच्या रात्रीच्या गाडीनं निघते, पहाटे घरी पोचेन. दादी, तू माझ्याबरोबर चल. मला आत बोलावतील तेव्हा तुला म्हणतील, ‘चाची, तुम्ही बाहेर थांबा.’ थांबू नकोस. मी नोकर आहे, मला ते घालवू शकतात. तू सभासद आहेस. तुझी बँक आहे ती.

सबिना